खालचा टप्पा जावयाचा

कवळीवाल्यांच्या घरात सासरा आणि जावई दोन वर्षं एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. एकाच टेबलावर जेवत होते, एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं करून वाचत होते, एकाच नळाखाली हात धूत होते. पण बोलणं? नाव नको. आणि कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. कारण होती एक कवळी.

आता हे जावई, कवळीवाले, म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. दातांचे डॉक्टर निराळे आणि हे निराळे. डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालून माप घेतात आणि ते माप यांच्याकडे धाडून मोकळे होतात. मग घराच्या पुढच्या खोलीत बसून, भुवयांपर्यंत प्लास्टरच्या धुळीत माखून, हे त्या मापावरून कवळी घडवतात. मेण तापवायचं, दात एकेक करून बसवायचे, गुलाबी अॅक्रिलिक ओतायचं, कानशीने घासायचं, चकाकी आणायची. खोलीभर फळ्यांवर पांढरे जबडे मांडलेले. नवीन माणूस आत आला की दचकायचाच, कारण चारी बाजूंनी कुणीतरी आपल्याला हसतंय असं त्याला वाटायचं.

यांच्या कवळीची ख्याती एकच, की ती घट्ट असते. "कवळी म्हणजे काय टोपी आहे का, वाटेल तेव्हा काढली, वाटेल तेव्हा घातली?" असं ते गिऱ्हाइकाला विचारत. गिऱ्हाईक बिचारं सांगणार काय? तोंड उघडायचीच पंचाईत. कुणी धीर करून म्हणालंच की जरा टोचतंय, तर यांचं उत्तर तयार असायचं: "सवय होईल." बहुतेकांना व्हायची. ज्यांना व्हायची नाही ते दोन दिवसांनी दाराशी येऊन हातवारे करत, आणि हे पक्कड शोधायला आत जात.

सासरे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते थोरल्या मुलीकडे, म्हणजे या घरी राहायला आले. सगळी गल्ली त्यांना बंबसाहेब म्हणायची. नोकरी सुटली, पण नोकरीने त्यांना सोडलं नव्हतं. दाराच्या आत वाळूची बादली. स्वयंपाकघरात शेगडीची बटणं दर तासाला तपासायची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी बाहेर पडायची वाट कुठून आहे ते बघणार, मग "कसं काय, बरं आहे ना" म्हणणार. जावयाच्या मेणाच्या शेगडीवर तर त्यांचा खास डोळा. "बंद केली का?" हा प्रश्न कवळीवाल्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की तो नुसता उच्चारला तरी त्यांचं डोकं फिरायचं.

तरीही सगळं ठीक चाललं होतं. मग बंबसाहेबांचे उरलेसुरले दात काढले आणि जावयाने त्यांच्यासाठी कवळी केली. साधीसुधी नव्हे, जीव ओतून केली. सासऱ्यांनी ती घातली आणि म्हणाले, "जावईबापू, घट्ट आहे हो. टोचतेय." आणि जावईबापू म्हणाले, "सवय होईल."

महिनाभराने एकदा जेवताना कवळीवाल्यांचा घास हातातच राहिला. समोरून काकडी खाण्याचा आवाज येत होता, कराकरा, मोकळा. आपल्या कवळीचा आवाज असा नाही, हे त्यांना एका क्षणात कळलं. त्यांनी मान पुढे काढून सासऱ्यांच्या तोंडात रोखून बघितलं. हिरडीचा गुलाबी रंग त्यांचा नव्हता. सासऱ्यांनी बाजारापलीकडच्या दुसऱ्या कवळीवाल्याकडून गुपचूप नवी कवळी करून घेतली होती!

जावयाचं नाक कापलं गेलं, तेही घरच्या टेबलावर. "माझ्या घरात बसून परक्याचे दात?" असं ते ओरडले. "तोंड माझं आहे!" असं बंबसाहेब ओरडले. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

मधे सापडली ती बायको. ती हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायची. दिवसभर कानाला यंत्र लावून याची लाइन त्याला, त्याची हिला. घरी आली की परत तेच. "अगं, तुझ्या बाबांना सांग, माझा चष्मा त्यांच्या खुर्चीखाली आहे." "बाबा, चष्मा." "त्याला म्हणावं, उचलायला हात आहेत ना?" "अहो, हात आहेत का विचारतायत." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि ही स्वयंपाकघरातून लाइन जोडतेय. दोन वर्षं! मी असते तर दोघांना वाळूच्या बादलीत उलटं उभं केलं असतं.

हॉस्पिटलच्या वार्षिक सोडतीत बाकीच्यांना पंखे मिळाले, कुकर मिळाले. हिच्या वाट्याला आलं एक खोकं, त्यात सुटे भाग जोडून उडवायचं दोन टप्प्यांचं रॉकेट. ते काखोटीला मारून ती घरी आली, खोकं टेबलावर आदळलं आणि म्हणाली:

"दोघांनी नीट ऐका, मी एकदाच सांगणार. तिकडे मी लोकांच्या लाइनी जोडते, त्याचा मला पगार मिळतो. इथे दोन वर्षं फुकट जोडतेय. आजपासून हे एक्स्चेंज बंद. या रॉकेटचे दोन टप्पे आहेत. खालचा तुम्ही करा, वरचा बाबा करतील. रविवारी मैदानावर उडवायचं. दोन्ही टप्पे उडाले तर मी समजेन, तुम्ही दोघं एका घरात राहू शकता. नाही उडाले तर बाबा, धाकटी तुम्हाला कधीची बोलावतेय. सोमवारी ती गाडी घेऊन येईल. माझ्यात आता त्राण उरलं नाही हो."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला आणि ती आत निघून गेली. बंबसाहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "धाकटी नवव्या मजल्यावर राहते. तिथे आमची शिडीसुद्धा पोहोचायची नाही." भिंतीने पुढे काही कळवलं नाही.

कवळीवाल्यांच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. गणित सोपं होतं. खालचा टप्पा, म्हणजे आपला, असा उडवायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. वरचा मात्र फुस्स व्हावा. मग सोमवारी गाडी, बॅग, टाटा. शेगडी बंद केली का विचारणारं कुणी नाही आणि समोर परकी कवळी कराकरा वाजणार नाही. त्या आनंदात ते त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

माहितीपत्रक एकच होतं आणि ते दोघांनाही हवं होतं. दोघांनी दोन टोकांना धरून असं ओढायला सुरुवात केली की बायकोने कात्री आणली आणि बरोबर मधोमध कापलं. खालचा भाग जावयाला, वरचा भाग सासऱ्यांना. झालं समाधान?

खोक्यातला माल काही फार नव्हता. कागदाच्या नळ्या, पंखांसाठी हलक्या लाकडाचे पातळ तुकडे, प्लास्टिकचं टोकदार नाक, रुमालाएवढं पॅराशूट, त्याला धग लागू नये म्हणून मधे भरायचा न पेटणारा कागद, आणि अंगठ्याएवढी जाड इंजिनं, म्हणजे दारू ठासलेली पुठ्ठ्याची नळकांडी. ती मात्र चांगली जास्तीची दिली होती. पहिल्या खेपेला कुणाचंच धड उडत नाही हे कंपनीला माहीत असावं.

कवळीवाले पुढच्या खोलीत, बंबसाहेब मागच्या. मधलं दार बंद. जबड्यांच्या गर्दीत जागा करून जावयाने नळी उभी केली, तीन पंख असे चिकटवले की मोजपट्टीने तपासावेत, आणि मग ते आपल्या आवडीच्या कामाकडे वळले. ते म्हणजे सांधा. खालच्या नळीचं तोंड वरच्या नळीत बसतं ती जागा. इथे तर त्यांचा हात धरणारा कोण होता? त्यांनी सांध्यावर कागदाची पट्टी लावली, घासली, वर लाखेचा हात दिला, परत घासली.

मौज अशी, की सांध्याबद्दलची सूचना सासऱ्यांच्या अर्ध्या कागदावर गेली होती. "सांधा सैल ठेवावा. वरचा टप्पा धरून हलकेच झटकला, तर खालचा गळून पडला पाहिजे." बंबसाहेबांनी ती वाचली आणि ते अस्वस्थ झाले. आपला जावई काय करून ठेवेल हे त्यांच्या हिरड्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुलीला हाक मारली. ती म्हणाली, "लाइन बंद आहे." मग त्यांनी बंद दारापाशी उभं राहून छताला उद्देशून आवाज दिला:

"काही गोष्टी सैल असाव्या लागतात! झटकलं की सुटाव्यात! माणसाला सगळंच मेलं घट्ट कशाला हवं?"

दाराच्या पलीकडे कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन वर्षं झाली, अजून तेच उकरून काढतायत! आता बाहेरून टोमणेसुद्धा! त्यांनी दातओठ खात सांध्यावर कागदाची आणखी एक पट्टी चढवली.

शनिवारी दोन्ही टप्पे टेबलावर आले. बंबसाहेबांचा वरचा टप्पा लालभडक, बंबाच्याच रंगाचा, आत इंजिन वगैरे सगळं भरून तयार. सासऱ्यांच्या कामात डोकावून बघणं जावयाला कमीपणाचं वाटलं. त्यांनी नुसता तो टप्पा उचलला, आपल्या टप्प्यावर ठेवला आणि तळहाताने दाबला. टक्. त्या आवाजाने त्यांना धन्य वाटलं. बंबसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी सकाळी मैदानावर तिघंच. मैदान म्हणजे बर्फाच्या कारखान्यामागची मोकळी जागा, कडेने वाळलेलं गवत. जावयाच्या हातात रॉकेट, बायकोच्या हातात वायर आणि बटणाची पेटी, आणि बंबसाहेब? डोक्यावर जुनं शिरस्त्राण, हातात पाण्याच्या दोन बादल्या, खांद्यावर ओलं पोतं. रॉकेट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढं, आणि बंदोबस्त गोदामाला आग लागल्यासारखा. कवळीवाल्यांनी बायकोकडे बघून डोळे फिरवले. बायकोने बघितलंच नाही.

"तीन, दोन, एक!" तिने बटण दाबलं.

फस्स्‌ करून धूर झाला आणि रॉकेट गेलं! जमिनीत रोवलेल्या दांडीवरून निसटून सरळ, तीरासारखं, मैदानावर शिट्टी वाजवत वर. कवळीवाल्यांची छाती फुगली. "माझा टप्पा! बघ, बघ, माझा टप्पा!" मग धूर संपला. आता खालचा गळून पडायचा होता आणि वरचा पेटायचा होता. कुणी गळून पडलं नाही, कुणी पेटलं नाही. रॉकेट वर क्षणभर घुटमळलं, कूस बदलली, आणि अख्खंच्या अख्खं, नाक खाली करून गवतात येऊन घुसलं.

झालं! मनासारखं झालं! खालचा उडाला, वरचा फुस्स. कवळीवाले पळत सुटले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. गवतातून रॉकेटची शेपटी वर आलेली, सांध्यापाशी धूर, भोवतालचं गवत चरचरायला लागलेलं. यांनी रॉकेट उपटायला हात पुढे केला.

"मागे हो, गाढवा!"

पाठीमागून कॉलर धरून कुणीतरी त्यांना असं खेचलं की ते बादलीसारखे उताणे पडले. बंबसाहेब त्यांच्या पुढे उभे राहिले होते, धूर आणि जावई यांच्या मधे, पाय फाकून. ओलं पोतं टाकलं, पाणी ओतलं, बुटांनी गवत तुडवलं. "आत भरलेलं इंजिन आहे! धग लागून आता पेटलं असतं तर तोंड गेलं असतं तुमचं, तोंड!"

दोन वर्षांत सासऱ्यांनी जावयाला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द, आणि तो "गाढवा" होता. जावयाला! तोसुद्धा एकेरीत! बंबसाहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी शिरस्त्राण काढून हातात घेतलं. बायको धापा टाकत आली, तिने ते ऐकलं होतं, आणि ती रिकाम्या बादलीवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसता हसताच तिने डोळ्याला पदर लावला, आणि ते पाणी हसण्याचं नव्हतं. दोन्ही टप्पे उडाले नव्हते ना.

धूर निवल्यावर कवळीवाल्यांनी रॉकेट उचललं. नाक चेपलेलं. सांधा हाताने सुटेना. गुडघ्यात धरून, पिळून, शेवटी दातात धरून (त्यांचे स्वतःचे होते) त्यांनी तो सोडवला. आणि वरच्या इंजिनाच्या तोंडाशी त्यांना एक बोळा सापडला. न पेटणाऱ्या कागदाचा, नीट घडी करून, करकचून कोंबलेला.

खेळ असा होता, की खालचं इंजिन संपता संपता त्याची ज्वाळा वर शिरते आणि वरचं पेटवते. हे जावयाच्या अर्ध्या कागदावर होतं, आणि ते कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. सासऱ्यांनी काय केलं होतं ते आता उघड झालं. उभा जन्म ज्या माणसाने खालच्या मजल्याची आग वरच्या मजल्यावर जाऊ दिली नाही, तो रॉकेटमध्ये ती जाऊ देईल? त्याने सवयीने मधला मजला बंद करून टाकला होता.

"काय सापडलं?" बायकोने विचारलं.

कवळीवाल्यांच्या मुठीत सोमवार होता. मूठ उघडली की झालं. बोळा सासऱ्यांचा, चूक सासऱ्यांची, गाडी दारात. त्यांनी वर बघितलं. म्हातारा शिरस्त्राण पोटाशी धरून उभा होता, बुटांना चिखल, भुवया जरा होरपळलेल्या. बोळा आपणच घातला हे त्याला ठाऊक होतं. आत्ता मघाशी हा माणूस आपल्यापुढे उभा राहिला, विचार न करता, आणि आपण आठवडाभर याला घालवायची स्वप्नं बघतोय! कवळीवाल्यांना स्वतःची लाज वाटली. अशी वाटली की कान तापले.

त्यांनी मूठ खिशात घातली. "काही नाही. सांधा घट्ट झाला. माझी चूक."

"खिशात काय घातलंत ते दाखवा तिला," बंबसाहेब म्हणाले.

"काही नाही म्हटलं ना."

"बोळा आहे. मी कोंबला होता. चूक माझी आहे."

"बोळा नसता तरी सुटला नसता! सांधा मी केलाय, मला माहितेय!"

"अहो, पेटलाच नसता तर सुटायचा प्रश्न येतो कुठे?"

"बाबा, उगाच वाद घालू नका. चूक माझी आहे!"

"आवाज चढवू नका माझ्यावर. माझी आहे!"

बायको एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मधे कुणी लाइन जोडत नव्हतं आणि भांडण कसं फर्मास चाललं होतं! "चुका घरी जाऊन वाटून घ्या," ती म्हणाली. "अंधार पडेपर्यंत रविवारच आहे."

दुपारभर पुढच्या खोलीत दोघं. बंबसाहेब त्या खोलीत दोन वर्षांनी पाऊल टाकत होते. आत आल्याआल्या त्यांनी शेगडीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. चेपलेलं नाक जावयाने गुलाबी अॅक्रिलिकने भरून काढलं, त्यामुळे रॉकेटला आता हिरडी फुटली होती. मग कानस घेऊन सांधा. घासायचा, बसवायचा, आणि बंबसाहेबांनी वरचा टप्पा धरून झटकायचा.

"घट्ट आहे."

घासला. "बघा."

"अजून घट्ट आहे."

कवळीवाल्यांच्या जिभेवर ठरलेलं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि परत घासायला लागले. जरा वेळाने, मान वर न करता, ते म्हणाले, "कुठे टोचत होती?"

"काय?"

"कवळी. मी केलेली."

बंबसाहेबांनी गालावर बोट ठेवलं. "इथे. डावीकडे, मागच्या बाजूला. जेवताना डोळ्यांत पाणी यायचं."

"मग तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं होतं."

कानस थांबली. "हो," कवळीवाले म्हणाले. "सांगितलं होतंत तुम्ही. मी ऐकलं नाही."

बंबसाहेबांनी सांधा झटकला. खालचा टप्पा अलगद सुटून जावयाच्या मांडीवर पडला.

उन्हं कलताना परत मैदान. परत बादल्या, परत पोतं, पण या वेळी एक बादली कवळीवाल्यांच्या हातात. बायकोने बटण दाबलं. गुलाबी नाकाचं रॉकेट सुसाट वर गेलं, धूर संपला, तिघांचा जीव टांगणीला, आणि वर फट्‌ झालं! खालचा टप्पा गरगरत खाली यायला लागला आणि वरचा, लालभडक, नव्याने पेटून, असा निघाला की बघता बघता ठिपका झाला. "पेटला! वरचा मजला पेटला!" अग्निशामक दलाचा निवृत्त अधिकारी आनंदाने नाचत होता. जावई खाली आलेला टप्पा झेलायला धावला, अडखळला, पडला, आणि पडल्यापडल्या हसत राहिला. वरचा टप्पा मात्र वाऱ्याने बर्फाच्या कारखान्यापलीकडे नेला. तो सापडला नाही. मिळाला कुणाला तर त्याने गुलाबी नाकाचा अर्थ कुठून लावायचा, देव जाणे.

आता इथे कुणालाही वाटेल, मिटलं. मलाही वाटलं होतं. पण बंबसाहेब घरी आले, बूट धुतले, मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी पलंगाखालून बॅग ओढली.

"बाबा, हे काय?" मुलीने विचारलं. "दोन्ही टप्पे उडाले ना?"

"उडाले. पण पुठ्ठ्याची नळी उडाली म्हणून मी इथे राहायचं? पैज जिंकून कुणाच्या घरात राहणारा माणूस नव्हे मी. धाकटीने खोली रिकामी करून ठेवलीय. तिच्याकडे जातो." त्यांनी शर्टाची घडी घातली, ती वाकडी झाली, परत उघडून घातली. तीही वाकडी झाली.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा होता, हातात लाखेचा ब्रश, तोंड अर्धवट उघडं, आणि शब्द फुटेल तर शपथ. एवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि सवयीने सांगायला म्हणून बापाकडे वळली. मग थांबली. रिसीव्हर तिने नवऱ्यापुढे धरला.

"धाकटी आहे. उद्या सकाळी किती वाजता येऊ विचारतेय. तुम्हीच सांगा."

कवळीवाल्यांनी ब्रश खिशात घातला, रिसीव्हर कानाला लावला, घसा खाकरला.

"हां, मी बोलतोय... नको, येऊ नकोस. बाबा येत नाहीयेत... नाही, भांडण नाही काही... तब्येत छान आहे, आज नाचले... नाही, त्यांना नाही विचारलं. त्यांना काय विचारायचं? मी सांगतोय ना." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मागच्या खोलीतली बॅगेची कुरकुर थांबली होती. कवळीवाल्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि दोन वर्षांत बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात म्हणाले, "अगं, मला करमायचं नाही त्यांच्यावाचून."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.